गिअरबॉक्स उघडण्यापूर्वीं

यंत्र जुनें झालें म्हणजे त्यास जडणारें प्रत्येक दुखणें मरणाचेंच असतें असें नाहीं. परंतु हल्लीं आमच्या खेड्यापाड्यांतून असा एक समज रूढ झाला आहे कीं, दहापंधरा वर्षें राबलेलें खोदयंत्र पुढें किंवा मागें जाईनासें झालें, कीं त्याचा गिअरबॉक्स संपला. तो उतरवावा, उघडावा आणि जें बिल येईल तें मुकाट्यानें भरावें. हा समज पुष्कळ प्रसंगीं निराधार असतो व शेतकऱ्यास तो फार महाग पडतो, असें आमचें स्पष्ट मत आहे. तें कां, हें आज वाचकांपुढें मांडण्याचा विचार आहे.

ज्या यंत्रास बॅकहो असें म्हणतात त्यास आपल्याकडे सरसकट जेसीबी हेंच नांव पडलें आहे. जोसेफ सिरिल बॅमफर्ड नामक गृहस्थानें १९४५ सालीं इंग्लंडांत जो कारखाना काढला त्याचीं हीं आद्याक्षरें. त्या कारखान्यानें १९५३ सालीं आपलें पहिलें बॅकहो बाहेर काढलें, आणि १९७९ पासून हरियाणांतील बल्लभगड येथें त्याचीं यंत्रें तयार होऊं लागलीं. पुढें इतर कारखान्यांचींहि यंत्रें आलीं, परंतु लोकांच्या तोंडचें नांव तेंच राहिलें. महाराष्ट्रांत २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार, २०१६ सालीं मागेल त्याला शेततळें आणि २०१७ सालीं गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजना निघाल्या, तेव्हां बांध, तळीं, नाले व गाळ यांच्या कामास हीं यंत्रें गांवोगांव फिरूं लागलीं. त्या सुमारास कोणी कर्ज काढून, कोणी चौघांच्या भागीनें, तर कोठें सोसायटीनें तीं विकत घेतलीं. आज तीं जुनीं झालीं आहेत. पण हप्ते फिटलेलें जुनें यंत्र हेंच खरें पाहतां मालकास चार पैसे मिळवून देणारें यंत्र होय. त्यास अकालीं भंगारांत घालणें म्हणजे दुभत्या म्हशीस शिंग मोडलें म्हणून बाजारीं नेण्यासारखें आहे.

दुसरी गोष्ट काळाची. शेतांतील मातीकामाचे दिवस थोडे असतात. रब्बीचें पीक निघाल्यापासून मृगाचा पहिला पाऊस पडेपर्यंत काय तो अवकाश; त्यांतहि खरी घाई वैशाखांत होते. गेल्या वैशाखांत आमच्या शेजारच्या एका गांवीं शेततळ्याचा खड्डा अर्धा झाला असतां यंत्र पुढें जाईनासें झालें. मागें जाई, पुढें जात नसे. तालुक्याच्या एका कारखान्यांत गिअरबॉक्स उतरविण्यांत आला, उघडण्यांत आला, कांहीं सुटे भाग बदलण्यांत आले, आणि बारा दिवसांनीं यंत्र परत बसविलें, तों दुखणें जसेंच्या तसें. अखेर एका वयस्क वायरमननें चालकाच्या पायांखालचा पत्रा काढून उंदरांनीं कुरतडलेली एक तार दाखविली. तार जोडण्यास अर्धा तासहि लागला नाहीं. पण तोंवर वळीव येऊन गेला होता, खड्ड्याची कच्ची बाजू ढासळली होती, आणि त्या शेतकऱ्याचें तें वर्ष तळ्यावांचून गेलें. बिलाचा आंकडा आम्ही सांगत नाहीं. गेलेलें वर्ष कोणत्याहि आंकड्यांत मावत नाहीं, एवढेंच म्हणतों.

हा घोटाळा कां होतो हें समजण्यास यंत्राची रचना थोडी ध्यानांत घेतली पाहिजे. जेसीबीच्या ३डीएक्स व तत्सम जुन्या यंत्रांत चार गिअर हातानें बदलावयाचे असतात; परंतु पुढें कीं मागें हें ठरविणारा दांडा सुकाणूच्या डाव्या बाजूस असतो, आणि तो दांडा म्हणजे केवळ विजेचें एक बटण होय. दांडा पुढें लोटला कीं वीज तारेनें गिअरबॉक्सवरील सोलेनॉइडपर्यंत जाते. सोलेनॉइड म्हणजे तारेची गुंडाळी. वीज येतांच ती चुंबक बनते व आंतील झडप सरकवते. झडप सरकली कीं पंपानें दाबलेलें तेल क्लचकडे जातें, प्लेटा एकमेकींस घट्ट चिकटतात, आणि इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोंचतो. पुढें जाण्यास एक सोलेनॉइड व एक क्लच, मागें येण्यास दुसरें सोलेनॉइड व दुसरा क्लच, अशी ही व्यवस्था आहे.

सरकारी दप्तरांत ज्याचे दिवस गेले त्यास ही व्यवस्था चटकन् उमगते. वीज हा हुकूम आहे; तेल हा अंमल आहे. मामलेदाराचा हुकूम निघाला, पण तो गांवीं पोंचलाच नाहीं, तर तलाठ्यानें काम केलें नाहीं म्हणून त्याची चौकशी लावणें जसें अन्यायाचें, तसेंच सोलेनॉइडपर्यंत वीज गेली कीं नाहीं हें न पाहतां गिअरबॉक्सवर ठपका ठेवणें अन्यायाचें होय. हुकूम सुटला काय, वाटेंत अडला काय, पोंचला काय, आणि पोंचूनहि अंमल झाला नाहीं काय, अशा क्रमानें जो चौकशी करील त्याचा पैसा फुकट जाणार नाहीं. सर्व निदानाचें सार एवढेंच आहे. पुढील विवेचन हा त्याचाच विस्तार समजावा.

चौकशीचा आरंभ चालकाच्या जबाबापासून करावा. दोष एकाएकीं आला कीं हळूहळू वाढत गेला? यंत्र थंड असतां होतो कीं तापल्यावर? एकाच दिशेस होतो कीं दोन्ही? पावसानंतर किंवा धुतल्यानंतर होतो काय? खड्ड्यांतून दणका बसला कीं क्षणभर सुटतो काय? एकाएकीं येणारा, दणक्यानें जाणारा व पुन्हां येणारा दोष बहुधा विजेचा असतो. इंजिन भरधांव गर्जतें पण यंत्र रेंगाळतें, चढावर अधिकच रेंगाळतें, आणि हें गेल्या कित्येक आठवड्यांपासून वाढत आहे, असा जबाब आला तर संशय तेलावर व क्लचवर घ्यावा. तापल्यावरच दोष दिसत असेल तर दोन्ही बाजू मोकळ्या ठेवाव्या. कारण गरम झाल्यावर गुंडाळीची आंतील तार सुटते हें जसें खरें, तसेंच गरम तेल पातळ होऊन झिजलेल्या जागेंतून निसटतें हेंहि खरें.

जबाबानंतर तेल पहावें. पातळी पाहण्याची रीत, म्हणजे इंजिन चालू ठेवून कीं बंद करून, तेल गरम कीं थंड, ही यंत्राच्या पुस्तिकेंत दिलेली असते, तीच पाळावी. तेलास जळका वास येत असेल किंवा त्यांत धातूचा चकचकीत चुरा असेल तर क्लचचें दुखणें खरें असूं शकतें. तेल स्वच्छ व पुरेसें असेल तर विजेकडे वळावें.

विजेच्या तपासणीस फार सामग्री लागत नाहीं. बारा व्होल्टचा एक टेस्ट लॅम्प आणि एक साधा मीटर पुरे. प्रथम बॅटरी. इंजिन बंद असतां भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते, आणि इंजिन चालू असतां मीटर १४ च्या आसपास गेला पाहिजे. त्यानंतर फ्यूज. फ्यूज डोळ्यांनीं पाहून सोडूं नये; आंतील तार केसाएवढी तडकलेली दिसत नाहीं. दोन्ही टोकांस दिवा लावून पहावा.

यापुढें दोष एका दिशेचा कीं दोन्ही दिशांचा, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. दोन्ही दिशा एकदम गेल्या तर दोन क्लच एकाच दिवशीं मेले असें सहसा होत नाहीं. दोघांस सामाईक असलेलें कांहीं तरी बिघडलें, असेंच अनुमान काढावें. तेल, पंप, फ्यूज, रिले व अर्थ हीं सामाईक आहेत. याखेरीज दोन बटणें विसरूं नयेत. एक हँडब्रेकचें. पुष्कळ यंत्रांत हँडब्रेक ओढलेला असतां सोलेनॉइडकडे वीज जात नाहीं, अशी सुरक्षेची योजना असते. हें बटण धुळीनें अडकलें तर ब्रेक सोडला तरी यंत्रास तो ओढलेलाच वाटतो. दुसरें, लोडर चालवितांना चाकांचा जोर क्षणभर तोडण्याकरितां दांड्यावर बसविलेलें बटण. तें दाबलेल्या स्थितींत चिकटलें, कीं यंत्र दोन्ही दिशांस मुकें होतें. या दोन बटणांपायीं गिअरबॉक्स उघडणें म्हणजे दाराची कडी लावलेली असतां भिंत फोडण्यासारखें आहे.

एकच दिशा गेली असेल तर सामाईक गोष्टी बहुतेक निर्दोष समजून थेट सोलेनॉइडकडे जावें. इंजिन बंद, किल्ली चालू, चाकांस पुढून मागून दगड किंवा ठोकळे, बकेट जमिनीवर, हँडब्रेक सोडलेला, अशा स्थितींत दांडा त्या दिशेस लोटावा आणि सोलेनॉइडच्या कपलरपाशीं दिवा लावावा. दिवा लागला तर हुकूम पोंचला. न लागला तर हुकूम वाटेंत अडला. मग दांड्यापासून एकेक जोड तपासत यावें. येथें मीटरापेक्षां दिवा बरा, हें ध्यानांत ठेवावें. तारेचे सर्व धागे तुटून एकच शिल्लक राहिला तरी मोकळ्या कपलरवर मीटर १२ व्होल्ट दाखवितो आणि मिस्त्री म्हणतो, वीज येते. पण त्या एका धाग्यानें सोलेनॉइडला लागणारा प्रवाह वाहून नेववत नाहीं. दिवा मिणमिणला कीं लबाडी उघडी पडते. दिवा जेवढा मोठा, तेवढा त्याचा जबाब खरा.

अर्थची बाजूहि अशीच फसवी असते. दांडा लोटलेल्या स्थितींत मीटराचें एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर व दुसरें गिअरबॉक्सच्या अंगावर, रंग खरवडून लावावें. मीटर अर्ध्या व्होल्टाहून अधिक दाखवूं लागला, तर अर्थची पट्टी गंजली आहे किंवा सैल आहे असें समजावें. वीज गेली तरी तिला परत येण्यास वाट पाहिजे. ही गोष्ट भल्याभल्यांच्या ध्यानांतून निसटते.

वीज पोंचते, तरी काम होत नाहीं, तेव्हां गुंडाळी पहावी. वीज चालू असतां पेचकसाचें टोक गुंडाळीच्या नटाजवळ न्यावें. चुंबकानें तें ओढलें गेलें पाहिजे. दोन्ही गुंडाळ्या एकाच जातीच्या असतील तर मीटरानें दोहोंचा ओहम मोजून तुलना करावी. एकीचा आंकडा दुसरीहून फार वेगळा आला, किंवा आलाच नाहीं, तर चोर सांपडला. गुंडाळी बदलण्यास गिअरबॉक्स उघडावा लागत नाहीं, हें येथें मुद्दाम सांगतों.

शेवटची कसोटी अदलाबदलीची. दोन्ही कपलर एकमेकांच्या जागीं लावतां येण्याजोगे असतील तर तसे लावून पहावे. समजा, यंत्र पुढें जात नव्हतें, मागें येत होतें. अदलाबदल केल्यावर दांडा मागें ओढतांच यंत्र पुढें चालूं लागलें आणि दांडा पुढें लोटतांना मुकें राहिलें, तर क्लच व झडप निर्दोष. दोष तारेंत किंवा दांड्यांत आहे. याउलट दांडा पुढें लोटतांच यंत्र मागें आलें आणि मागें ओढतांना मुकें राहिलें, तर तार निर्दोष. दोष गुंडाळींत, झडपेंत किंवा क्लचमध्यें आहे. या कसोटीच्या वेळीं यंत्र दांड्याच्या उलट दिशेस चालतें, म्हणून मोकळी सपाट जागा पाहिजे, पुढें मागें चिटपांखरूं नको, आसनावर जाणता चालक पाहिजे, आणि काम होतांच कपलर पूर्ववत् लावले पाहिजेत. इंजिन चालू असतां यंत्राखालीं कोणीहि शिरूं नये. एवढें सर्व निर्दोष ठरल्यावर मिस्त्रीनें तेलाचा दाब घड्याळ लावून मोजावा, तो पुस्तिकेशीं ताडून पहावा, आणि तो कमी भरला तरच गिअरबॉक्सचा विचार करावा.

ज्या यंत्रांत सर्वच गिअर विजेनें बदलतात, त्यांत सोलेनॉइडें अधिक असतात व प्रत्येक गिअरास त्यांतील ठराविक जोडी किंवा तिकडी लागते. तेथें कोणते गिअर लागत नाहींत व त्या सर्वांत समान सोलेनॉइड कोणतें, हें पुस्तिकेंतील कोष्टकावरून काढावें. ज्यास जमीनमहसुलाचे तक्ते वाचतां येतात त्यास हें कोष्टक जड जाऊं नये.

आतां कांहीं ठिकाणीं जो जुगाड चालतो त्याविषयीं दोन शब्द. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्या जागीं जाड तार गुंडाळणें, किंवा हँडब्रेकचें बटण त्रास देतें म्हणून त्याच्या तारा कायमच्या जोडून टाकणें, यास आम्ही चातुर्य म्हणत नाहीं. फ्यूज हा पहारेकरी आहे; तो ओरडतो म्हणून त्याचें तोंड बांधलें तर आग लागल्यावर कोणी हांक मारणार नाहीं. आणि ब्रेक ओढलेला असतां जें यंत्र चालूं शकतें, तें एखाद्या दिवशीं चालक खालीं उतरला असतां चालूं लागेल. खड्ड्यांत माणसें काम करीत असतात, हें विसरूं नये.

यावर एक आक्षेप असा येईल कीं, हें शेतकऱ्याचें काम नव्हे, मिस्त्रीचें आहे. आक्षेप वरवर रास्त दिसतो. परंतु शेतकऱ्यानें मिस्त्री व्हावें असें आमचें म्हणणें नाहींच. सातबारा वाचतां येणारा शेतकरी कांहीं तलाठी होत नाहीं. फक्त त्याच्या पाठीमागें नोंद फिरवितां येत नाहीं. त्याचप्रमाणें, सोलेनॉइडपाशीं वीज होती काय, हा एक प्रश्न विचारतां येणाऱ्या मालकाचा गिअरबॉक्स विनाकारण उघडला जात नाहीं. जे मिस्त्री प्रामाणिक आहेत त्यांस हा प्रश्न आवडेल. ज्यांस आवडणार नाहीं त्यांची ओळख त्यानेंच पटेल.

दुसरा आक्षेप, जुनें विकून नवें घ्यावें, असा. ज्याची ऐपत आहे व ज्यास वर्षभर काम आहे त्यानें तो अवश्य विचार करावा. नव्या यंत्रांत संगणकाची पेटी असते व ती स्वतःच दोषाचा क्रमांक सांगते, ही सोय खरीच. परंतु ती पेटी बिघडली तर गांवच्या वायरमनचे हात बांधलेले असतात. जुन्या यंत्राची वीज मात्र एका दिव्यानें टोंकापासून टोंकापर्यंत शोधतां येते. ज्या वस्तूचें दुखणें आपल्या अंगणांत ओळखतां येतें ती वस्तु गरिबास परवडते. अर्थात् प्लेटा खरोखर जळल्या असतील तर दिव्यानें कांहीं होणार नाहीं. तेथें खर्च करावाच लागेल, आणि तो डोळे उघडे ठेवून केलेला खर्च असल्यामुळें त्याचें दुःखहि वाटणार नाहीं.

याकरितां ज्यांच्यापाशीं असें यंत्र आहे त्या मालकांस व सोसायट्यांस आमच्या चार सूचना आहेत. पहिली, यंत्राची नोंदवही ठेवावी. तींत तारीख, तास, तेल, दोष, दोषाचें कारण व केलेला उपाय यांचे रकाने असावेत. तोंडी आठवण दोन पावसाळे टिकत नाहीं, कागद टिकतो. दुसरी, एका पेटींत टेस्ट लॅम्प, मीटर, योग्य मापाचे फ्यूज, एक जादा रिले, एक जादा सोलेनॉइड गुंडाळी आणि त्या यंत्राच्या वायरिंगचा नकाशा ठेवावा. तिसरी, पावसाळ्यापूर्वीं एकदां व नंतर एकदां कपलर, अर्थच्या पट्ट्या व पत्र्याखालील तारा पहाव्या; उभ्या यंत्रांत उंदीर घर करतात. पाण्याचा जोरदार फवारा कपलरांवर मारूं नये, आणि यंत्रावर वेल्डिंग करण्यापूर्वीं बॅटरीच्या तारा सोडाव्या. चौथी व सर्वांत महत्त्वाची, दिव्याची तपासणी झाली व तिचा निकाल काय आला हें नोंदवहींत लिहून मिस्त्रीनें सही केल्याशिवाय गिअरबॉक्स उघडण्यास कोणीहि संमति देऊं नये. आणि बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्यावा.

या सूचनांपैकीं एकीसहि मोठा खर्च नाहीं. आजवर आपण बैलाच्या पायांत कांटा रुतला तर आधीं खूर उचलून पाहत आलों. बैल लंगडतो म्हणून कोणी त्याच्या खांद्याचें हाड फोडलें नाहीं. लोखंडी बैलासहि तोच न्याय लावावा. येत्या हंगामांत आपलें यंत्र अडलें, तर वाचकांनीं प्रथम पानें बोलावूं नयेत, दिवा बोलवावा, इतकीच आमची विनंती आहे.